दगडावर नसलेलं नाव

आजचा विषय कबरस्तानांचा आहे. संध्याकाळच्या वेळी कुठे हा विषय, असं घरातल्या मोठ्यांना वाटेल. पण आपल्या घराण्याचा इतिहास शोधायला निघालेल्या माणसाला कधी ना कधी या दारातून जावंच लागतं. मी उशिरा गेलो. तेहेतीस वर्षं तोफखान्यात नोकरी झाली, निवृत्त होऊन महूला घर केलं, त्यानंतर गेलो.

सुरुवात पुण्यात झाली. मुलीकडे राहायला गेलो होतो. सकाळी फिरत फिरत खडकीच्या वॉर सिमेट्रीत पोचलो. तिथे एक वयस्क इंग्रज गृहस्थ आपल्या मामाची कबर शोधत होते. मी नोंदवही काढून दिली. प्लॉट, रांग, क्रमांक. दहा मिनिटांत आम्ही त्या दगडापुढे उभे होतो. त्यांनी टोपी काढली, थोडा वेळ गप्प राहिले आणि मग सहज मला विचारलं, "तुमच्या घरातलं कोणी लढाईत गेलं होतं का?"

मी म्हटलं, "हो. आजोबांचे थोरले बंधू. पहिल्या महायुद्धात, बसऱ्याकडे."

"त्यांची कबर कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. कबर सोडा, मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. घरात त्यांना सगळे 'थोरले आबा' म्हणत. त्यांची पत्नी, आमची थोरली आजी, माझ्या लहानपणापर्यंत हयात होती. तिने नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी तोंडाने घेतलं नाही. त्या पिढीची रीतच तशी. ती एवढंच म्हणायची, "एकशेदहात होते." एकशेदहा म्हणजे काय, हे सैन्यात जाऊनही मी तिला कधी विचारलं नाही.

आधी दगड वाचायचा कसा ते सांगतो. खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. सगळे दगड एका मापाचे. अधिकारी असो की शिपाई, दगड लहान-मोठा नाही. १९१७ साली स्थापन झालेल्या वॉर ग्रेव्हज कमिशनचं ते तत्त्वच होतं. दगडावर वर पलटणीचं चिन्ह, मग सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय, धर्माची खूण आणि सगळ्यात खाली घरच्यांनी निवडलेली ओळ. पहिल्या महायुद्धानंतर या ओळीला ६६ अक्षरांची मर्यादा होती, मधल्या मोकळ्या जागा धरून. दर अक्षराला साडेतीन पेन्स आकार होता, पुढे तो ऐच्छिक केला. मुलगा गेल्यावर आईबापांना अक्षरं मोजत बसावं लागलं असेल. म्हणून ती खालची ओळ घाईने वाचू नका. पलटणीची माहिती कागदांत कुठेही मिळेल, पण घराचा आवाज त्या एका ओळीत असतो.

दुसरी गोष्ट. दगड आहे तिथेच माणूस मेला, असं धरून चालू नका. खडकीतल्या बऱ्याच कबरी पश्चिम आणि मध्य भारतातल्या निरनिराळ्या ठिकाणांहून हलवून आणलेल्या आहेत, कारण मूळ जागी त्यांची निगा राहील याची खात्री नव्हती. त्याच आवारात १९१४-१८ चं स्मारक आहे. त्यावर अठराशेच्या वर नावं आहेत. ती माणसं तिथे पुरलेली नाहीत. ती देशभरातल्या आणि आजच्या पाकिस्तानातल्या गावोगावच्या कबरस्तानांत आहेत. नाव एका गावी, माती दुसऱ्या गावी. शोध घेताना दोन्ही गावांची नोंद वेगवेगळी ठेवावी लागते.

ज्यांच्या गावाजवळ जुनी छावणी आहे, महू, कामठी, बेळगाव, देवळाली, त्यांनी तिथलं जुनं कबरस्तान जरूर पाहावं. कोलकात्याला असाल तर १७६७ साली सुरू झालेलं साउथ पार्क स्ट्रीटचं पाहा. संस्कृतचे पंडित सर विल्यम जोन्स तिथे आहेत, कवी डेरोझिओ तिथे आहे. सुरतेला इंग्रज आणि डच वखारवाल्यांच्या कबरी आहेत. घुमटांच्या, छत्र्यांच्या, एखाद्या नबाबाला शोभतील अशा. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट दिसेल. त्या लोकांचा पुरावा तिहेरी आहे. एक दगड, दुसरी चर्चची दफन नोंदवही, आणि तिसरी त्या नोंदवहीची लंडनला पाठवलेली नक्कल. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. दगड फुटला तरी माणूस हरवत नाही.

आपलं तसं नाही. लिंगायत, गोसावी, मुसलमान, ख्रिस्ती यांच्यात दफन आहे, समाधी आहे, कबर आहे. पण ज्यांच्यात दहन आहे, त्यांचा माणूस राख होऊन पाण्यात जातो. मागे दगड उरत नाही. मग आपल्या नोंदी कुठे असतात?

माझी पहिली नोंद मला नाशिकला मिळाली. आपले तीर्थोपाध्याय गावागावाच्या, कुळाकुळाच्या वह्या ठेवतात. कोण आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, बापाचं नाव, आजाचं नाव, खाली सही. आमच्या गावाचं आणि आडनावाचं बाड गुरुजींनी सोडलं. १९२८ सालची माझ्या आजोबांची मोडीतली नोंद निघाली. थोरले बंधू लढाईत परागंदा, बारा वर्षं झाली, पालाशविधी केला, असा मजकूर. माणूस बेपत्ता असेल आणि देह मिळाला नसेल, तर बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. त्या नोंदीत थोरल्या आबांचं नाव होतं. बासष्टाव्या वर्षी मला ते पहिल्यांदा कळलं.

मग आठवलं. वडील सांगत की थोरल्या आजीला सरकारी पेन्शन फार आधीपासून येत होती. म्हणजे सरकारने तिला कधीच विधवा ठरवून टाकलं होतं. ती मात्र पेन्शन घेऊन यायची आणि कुंकू लावायची. त्यावरून गावात बोलणी खायची. तिने कुंकू पुसलं ते १९२८ साली, नाशिकहून आल्यावर.

आता 'एकशेदहा'. ही ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ती कूत-अल-अमाराला वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत आलं, घोडे कापले. घोड्याचं मांस खायला आपले अनेक शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. शेवटी सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारो मेली. १९२२ च्या फेररचनेत ही पलटण पाचव्या मराठ्याची तिसरी बटालियन झाली, आणि आज ती २ पॅरा म्हणून ओळखली जाते. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला आकडा आणि आजचं पलटणीचं नाव यांचा मेळ घालायचा असेल तर १९२२ ची ही फेररचना लक्षात ठेवा.

नाव, बापाचं नाव, गाव आणि पलटण हाती आल्यावर वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत शोध घेतला. आडनावाने काहीच सापडलं नाही. त्या काळच्या कारकुनांनी शिपायाचं पहिलं नावच लिहिलेलं असतं, तेही कानाला ऐकू आलं तसं. पण खाली बऱ्याचदा अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा, अशी ओळ असते. बापाच्या नावाने आणि गावाने शोधलं तेव्हा ते सापडले. मृत्यू ऑगस्ट १९१६, तिसरा आठवडा. पंचांग काढून पाहिलं तर श्रावणाचा वद्य पक्ष होता. तिथी माहीत नाही म्हणून आमच्या घरात शंभर वर्षं त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होत आलं होतं.

नोंदीत स्मारक लिहिलं होतं बसऱ्याचं. १९२९ साली उभं राहिलेलं हे स्मारक ४०,००० हून अधिक जणांचं आहे. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. आणि मंडळी, त्या भिंतीवर थोरल्या आबांचं नाव नाही. ब्रिटिश शिपायांची नावं कोरलेली आहेत. हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे. सगळ्यांना एका मापाचा दगड हे तत्त्व तिथे पाळलं गेलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कमिशनने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल आला. हिंदी आणि आफ्रिकी अशा ४५,००० ते ५४,००० जणांची स्मृती असमान वागणुकीने जपली गेली, असा अंदाज त्यात दिला आहे. कमिशनने माफीही मागितली.

सगळीकडे असं झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. फ्रान्समध्ये नव शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक नावानिशी आहेत. कोहिमाला मी नोकरीत असताना गेलो आहे. तिथे १,४२० कबरी आहेत आणि टेकडीच्या सगळ्यात उंच जागी दहन झालेल्या ९१७ हिंदू-शीख सैनिकांचं स्मारक आहे, नावासकट. आणि थोरल्या आबांच्याच पलटणीचा पुढच्या युद्धातला शिपाई, माणगावजवळच्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचीही कबर नाही, पण कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. दोन युद्धांमध्ये एवढा फरक पडला.

आता शेवटची गोष्ट. ही सांगावी की नाही, याचा मी विचार केला होता.

आमच्या गावी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी बसवलेल्या पाट्यांपैकी एक. दर दिवाळीला तिच्यावरून चुन्याचा हात फिरायचा. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने मी ती धुतली. गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी २ जणांनी प्राण दिले. नावं नाहीत. एक तर थोरले आबा. मग दुसरा कोण? वडिलांच्या वयाच्या चार जणांना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, आपल्या गावचा गेला तो एकच, तुमच्या घरातला.

मी पुन्हा नोंदीत गेलो आणि गावाच्या नावाने शोधलं. दुसरा माणूस तिथेच होता. लेबर कोअरमधला. त्याच्या नावाचा शेवट 'नाक' असा होता. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ सैनिकांची नावं आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी हेच 'नाक' आहे. ते महार सैनिक होते. आमच्या गावचा दुसरा माणूसही त्याच समाजाचा. मी ज्या चार जणांना विचारलं, ते सगळे आमच्याच आळीतले होते. दुसरीकडे विचारावं, हे मला सुचलंच नव्हतं.

ते घर सापडलं. घरात ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. नोंदीचा कागद मी त्यांच्या नातवाला वाचायला दिला. नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "आमची सासू सांगायची, एकजण बोटीनं गेला तो आलाच नाही. पण चावडीवर त्याचं लिवलंय, हे कुणी सांगितलं नाही साहेब." मी म्हटलं, "आजी, नाव लिहिलेलं नाही. दोन एवढाच आकडा आहे." त्या म्हणाल्या, "मग दोनातला एक आमचा." त्यांचं बरोबर होतं. मी मान हलवली.

त्या पाटीखाली दोन्ही नावांची दुसरी पाटी बसवावी, असा अर्ज त्यांचा नातू आणि मी अशा दोघांच्या सहीने ग्रामपंचायतीत दिला आहे. अजून मंजूर झालेला नाही. थोरल्या आबांचं नाव मी तुम्हाला कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं नाही. थोरल्या आजीने ते कधी उच्चारलं नाही, म्हणून मीही इथे उच्चारत नाही. पाटीवर मात्र ते यावं.

जाता जाता थोडं कामाचं. तुमच्या गावातली पाटी, कबर, समाधी किंवा वीरगळ पाहायला जाल तेव्हा तारेचा ब्रश, आम्ल आणि खडू वापरू नका. अक्षरं पुसट असतील तर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, नाहीतर बाजूने टॉर्च धरा. आधी पूर्ण दगडाचा फोटो घ्या, मग एकेका ओळीचा. शेजारच्या दोन दगडांचीही नोंद करा, घरातली माणसं बहुधा शेजारी असतात. आडनावावर अडून बसू नका. बापाचं नाव, गाव आणि पलटण धरा. घरातल्या आज्या, आत्या आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आणि विचारायला निघालात की आपल्या आळीत थांबू नका.

पुढच्या भागात मोडीतल्या घरगुती कागदांबद्दल बोलू. नमस्कार.