कामाअखेरचा हिशेब

पावण्याचे कारखाने पाहताना येथे एकेकाळी भातशेती होती, हे नव्या पिढीला खरे वाटणार नाही. 1960 च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली आणि 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली.

मुंबईचा भार हलका व्हावा, हा मूळ हेतू. योजना सुमारे 20 लाख वस्तीची होती. 1991 च्या जनगणनेत मात्र आजच्या महापालिकेच्या हद्दीत जेमतेम 3 लाख माणसे भरली. (पनवेलकडचा भाग यात नाही, तरी तफावत मोठीच.) वाशीला लोकल आली ती 1992 साली. मंत्रालय तर इकडे हललेच नाही; उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्या वाढल्या. विशेष हे की, या उणिवा पुढे कोरिया व पटेल यांनीच उघडपणे मांडल्या. आपणच आखलेल्या शहराचे माप आपणच काढायला मन मोठे लागते. आपल्याकडे उद्घाटनाचे हार सुकण्याआधी पुढच्या कामाची वर्गणी सुरू होते!

असा हिशेब एकदा करूनही भागत नाही. वाशीचा पहिला खाडीपूल 1973 साली खुला झाला, तेव्हा तो उत्तमच दिसला असणार. खाऱ्या हवेने काँक्रीटमधील ताणलेल्या तारा गंजू लागल्याचे नंतर उघड झाले. दुसरा पूल 1997 साली सुरू झाला.

आपल्या शाळेत नवी खोली किंवा ग्रंथालय झाले की खर्चाचा ताळेबंद आपण छापतो. पण तेथे पुस्तक हाती पडते का, हे मुलांना कोण विचारतो? केवळ कार्यकर्त्यांनी बसून केलेला आढावा अर्धाच राहतो.

नव्या शहराच्या हिशेबातही जमीन देणाऱ्या शेतकऱ्याचा रकाना असाच कोरा राहिला होता. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागातील शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर, 1990 च्या दशकात, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत मिळू लागले.