पहारेकऱ्यावर पहारा

आमच्या लहानपणी कळमनुरीत रझाकारांच्या गोष्टी निघाल्या की वडीलधाऱ्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली होती, पण 'भिंतीलाही कान असतात' ही धास्ती काही गेली नव्हती. आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं.

ते हसू आणीबाणीत गेलं. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो. १९७५ मध्ये आमच्यातल्याच एका गुरुजींना मिसाखाली उचललं. १९७७ मध्ये ते सुटून आले, पण माझ्याशी बोलेनात. त्यांची खबर मीच दिली, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं. मी दिली नव्हती. पण सिद्ध कसं करणार? जिथं ते लिहिलं असेल तो कागद ना त्यांनी पाहिला, ना मी.

पुढे पूर्व जर्मनीविषयी वाचलं आणि हे सगळं पुन्हा आठवलं. तिथल्या 'स्टासी' या गुप्त पोलीस खात्यात सुमारे ९१ हजार नोकर होते, खबरे आणखी वेगळेच! १५ जानेवारी १९९० ला लोक बर्लिनमधल्या मुख्यालयात घुसले. १९९१ मध्ये कायदा झाला आणि १९९२ पासून ज्याची फाईल त्याला वाचायला मिळू लागली. वेरा लेंग्सफेल्ड यांना तर कळलं की खबऱ्या आपलाच नवरा होता. संसार मोडला, पण संशय तरी संपला. पोलंडने वेगळी वाट धरली. १९९० मध्ये जुनं खातं मोडलं, अधिकाऱ्यांची छाननी केली आणि बऱ्याच जणांना नव्या खात्यात घेतलं. देशाला हेर लागतातच, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आपल्याकडे काय झालं? शहा आयोग बसला. मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसं डांबली गेल्याचं त्याने नोंदवलं. गुप्तचर विभागाचा गैरवापर कसा टाळायचा, हे सुचवायला माजी गृहसचिव एल. पी. सिंग यांची समितीही नेमली गेली. १९८० मध्ये सरकार बदललं आणि विषय मागे पडला. गुप्तचर विभाग १८८७ पासूनचा, 'रॉ' १९६८ ची, पण दोन्हींसाठी संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. २००५ चा माहिती अधिकारही त्यांना लागू नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या भंगाचे आरोप, एवढाच काय तो अपवाद.

सीमेवरची गुपितं चव्हाट्यावर आणा असं मी म्हणत नाही. पण राजवट बदलली म्हणजे यंत्रणा बदलते असं नाही. ती बदलावी लागते, कायद्याने आणि राज्य कुणाचंही असो. पहारेकरी हवाच, पण त्याच्यावरही कुणाचा तरी पहारा हवा.

ते गुरुजी आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांनी माझ्या घरचा चहा घेतला नाही. एक कागद दोघांनी मिळून वाचला असता, तर कदाचित घेतला असता.

असो.