खिशातला चाकू ‘हत्यार’ कधी ठरतो? गोंदियाच्या जंगलापासून कायद्याच्या पुस्तकापर्यंत

महाराष्ट्रातील शस्त्रांचा विषय निघाला की तलवार, कट्यार, बिचवा, वाघनखे यांची नावे आपोआप ओठांवर येतात. त्यांच्यासाठी संग्रहालयांत दालने असतात. ज्या पात्याने सामान्य माणसाने शेकडो वर्षे धान कापले, सुपारी कातरली, बोरू तासला, बांबू चिरला, ते पाते मात्र इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच येते. रोज जवळ बाळगण्याचे हे छोटे पाते आणि त्याला घाबरणारी किंवा माफ करणारी राज्यव्यवस्था, हा या धाग्याचा विषय. केंद्रस्थानी आहे पूर्व विदर्भ, म्हणजे आजचा गोंदिया जिल्हा आणि त्याचा शेजार.

प्रथम काळाचा अंदाज घेऊ. नागपूरजवळच्या माहुरझरी येथील शिळावर्तुळांखालच्या दफनांत मृतांसोबत लोखंडी वस्तू पुरलेल्या सापडल्या. त्यांत खंजीर आहेत, तशीच रोजच्या कामाची अवजारेही आहेत. नागपूर जिल्ह्यातच नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली. हा सारा काळ इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातला. आपले पाते जवळ असावे, अगदी मेल्यानंतरही असावे, असे विदर्भातल्या माणसाला वाटत होते, त्याला अडीच हजारांहून अधिक वर्षे झाली.

पुढच्या काळात पाती कामानुसार वाटली गेली. ‘सुरी’ संस्कृत ‘क्षुरिके’च्या वंशातली, ‘चाकू’ फारसी-तुर्कीच्या वाटेने आलेला. या चाकूला मराठी मुलखात प्रतिष्ठा मिळाली ती सैनिकामुळे कमी आणि कारकुनामुळे अधिक. मोडी लिहिणाऱ्याला बोरू सतत तासावा लागे. टोक बोथट झाले की अक्षर जाड होई, शाई पसरे. म्हणून कलमदानाच्या सोबतीला धारदार चाकू हवाच. फारसीत त्याला ‘कलमतराश’ असे नाव होते. इंग्रजीतही खिशातल्या लहान चाकूला आजवर ‘पेननाइफ’ म्हणतात, कारण तिकडे त्याचे काम पिसाची लेखणी तासण्याचे होते. सनदा, महजर, वसुलाचे कागद यांचा प्रत्येक शब्द आधी चाकूच्या पात्याखालून गेलेला आहे. पोलादी निब आली आणि कारकुनाचा चाकू मागे पडला.

दुसरे रोजचे पाते म्हणजे अडकित्ता. पूर्व विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे ‘सरोता’ हा शब्दही सर्रास चालतो. कमरेच्या चंचीत पान, सुपारी, चुना, कात आणि अडकित्ता हा सरंजाम घेऊन माणसे घराबाहेर पडत. हा चैनीचा भाग होता, पण केवळ चैनीचा नव्हे. समोरच्याला सुपारी कातरून देणे ही बोलणी सुरू करण्याची रीत होती. हत्यार पारखावे तशी लोक अडकित्त्याची पारख करीत. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी अशा वस्तूंचे मोल वेळीच ओळखले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांच्या संग्रहात मोर, पोपट, घोडे, माणसांच्या आकृती भेटतात. १९७५ मध्ये त्यांनी आपला संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ झाले. सुपारी कातरणाऱ्या हातांचा इतिहास जमवणारा विरळा, आणि त्याचे श्रेय केळकरांना आजही पुरेसे दिले जात नाही.

तिसरे पाते सर्वांत साधे: विळा, पूर्व विदर्भाच्या बोलीत ‘इळा’. गोंदिया हा धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. कापणीच्या दिवसांत हा विळा बहुधा बाईच्या हातात असतो. जंगलाकडे जाणाऱ्याजवळ कुऱ्हाड किंवा कोयता, बुरुडाजवळ बांबू चिरायची सुरी. यातले एकही पाते कोणी ‘शस्त्र’ म्हणून बाळगत नाही, आणि इथेच कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

१८७८ मध्ये, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, शस्त्र कायदा आला. ‘शस्त्र’ या शब्दात बंदुकांबरोबर संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची टोके आणि धनुष्यबाणही घातले गेले. परवान्याविना सशस्त्र फिरणे गुन्हा ठरले. नियमांमध्ये युरोपीय मंडळींना मात्र सवलत होती. अपमान नेमका याचा होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क का आला, याचे उत्तर या पन्नास वर्षांच्या सलात आहे.

त्या ठरावाच्या चार वर्षे आधी नागपुरात एक विलक्षण प्रयोग झाला. मंचरशा आवारी यांनी, म्हणजेच लोक ज्यांना ‘जनरल आवारी’ म्हणत त्यांनी, १९२७ मध्ये शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला. बंगालमध्ये चौकशीविना डांबलेल्या कैद्यांच्या सुटकेची मागणी त्यामागे होती. स्वयंसेवक उघडपणे तलवारी घेऊन रस्त्यावर उतरले आणि अटक करवून घेऊ लागले. गांधीजींना हे पटले नाही, ‘यंग इंडिया’त त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. अहिंसक लढ्याचे चिन्ह म्हणून तलवार कशी चालेल, हा आक्षेप वजनदार होता. तरी आवारींचा मुद्दाही सहज मोडीत काढण्याजोगा नाही. तलवार मारण्यासाठी नव्हती, ती बाळगण्याची बंदी मोडण्यासाठी होती. हा वाद आजच्या वाचकालाही सोडवता येतो का, पाहावे.

तीन वर्षांनी, १९३० मध्ये, त्याच मध्यप्रांतात एका निराळ्या पात्याने हा पेच जवळजवळ सोडवला. मिठाचा सत्याग्रह देशभर चालला होता, पण मध्यप्रांत-वऱ्हाडाला समुद्र कुठला? मग जंगल निवडले गेले. राखीव जंगलात परवान्याविना गवत कापायचे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे सुरुवात केली. सत्याग्रहींच्या हातात विळे होते. विळ्याला खंजीर म्हणता येत नव्हते, अहिंसेचा भंग होत नव्हता आणि कायदा तर रोकडा मोडत होता. शिवाय ज्या शेतकऱ्याला आणि आदिवासीला मिठापेक्षा चराईचा कर अधिक बोचत होता, त्याला हे आंदोलन समजावून सांगावे लागले नाही. अवजाराची ही राजकीय निवड त्या काळातल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक होती.

त्याची किंमतही मोजली गेली. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे गोळीबार झाला, हे मराठी वाचकाला माहीत असते. गोंदियाला अधिक जवळची घटना मात्र महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. ९ ऑक्टोबर १९३० रोजी सिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे गवत कापणाऱ्या सत्याग्रहींच्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार जण ठार झाले: तीन स्त्रिया, एक पुरुष. नेतृत्व मूका लोहार यांच्याकडे होते. विळ्याच्या लढ्याचा पुढारी ‘लोहार’ असावा, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.

जंगल सत्याग्रहामागचा कायदा होता १९२७ चा भारतीय वन कायदा. त्याच्या ५२ व्या कलमात वनगुन्ह्यात वापरलेली अवजारे, होड्या, गाड्या आणि गुरे जप्त करण्याची तरतूद आहे. पुढे ५५ व्या कलमाखाली ती सरकारजमाही होऊ शकतात. कायद्याने इथे विळ्याला ‘शस्त्र’ म्हटले नाही, ‘अवजार’च म्हटले, पण ते हिरावून घेता येईल अशी सोय केली. गरिबाच्या दृष्टीने दोन्हींत फरक किती? दंड भरता येतो, उसनवारी करता येते. ऐन कापणीत घरातला एकमेव कोयता गेला की रोजी बुडते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या गेल्या. लाठी आणि साधी चालण्याची काठी यांचा तर नावानिशी उल्लेख आहे. १९६२ च्या नियमांनी मापही दिले: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते, आणि तेही घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसेल, तर ते नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत. गंमत अशी की १८७८ चा कायदा लादणाऱ्या ब्रिटनने १९८८ मध्ये स्वतःच्या नागरिकांसाठी ३ इंचांची रेषा आखली. तेवढ्या पात्याच्या, मिटणाऱ्या खिशातल्या चाकूला सार्वजनिक जागी त्या कायद्यात सूट आहे.

माप ठरले म्हणजे सारे मिटले, असे मात्र नाही. १९५१ च्या पोलीस कायद्याचे ३७ वे कलम अधिकाऱ्याला काही काळापुरती चाकू, काठ्या, लाठ्या बाळगण्यावर बंदी घालण्याचा अधिकार देते. वृत्तपत्रांत ‘मनाई आदेश’ म्हणून जी चौकट छापून येते, ती बहुधा याचीच. त्या दिवसांत पात्याची लांबी निरर्थक ठरते. तसाच भाषेचा आघात. ‘कोयता’ हा शब्द उसाच्या फडातून आणि बांबूच्या बेटातून उचलून बातम्यांनी टोळ्यांच्या नावाला जोडला, तेव्हापासून शहरी कानाला तो अवजाराचा शब्द वाटेनासा झाला आहे.

आता पुन्हा गोंदिया. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या आसपास नागझिरा (अभयारण्य, १९७०) आणि नवेगाव (राष्ट्रीय उद्यान, १९७५) ही जंगले आहेत. २०१३ मध्ये त्यांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. इथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, आणि त्यातली ‘हत्यारा’ची व्याख्या शस्त्र कायद्याहून फार रुंद आहे. बंदुका, धनुष्यबाण, सापळे, जाळी, विष यांच्या ओळीत तिथे सरळ ‘चाकू’ आहे. लांबीची अट नाही, घरगुती वापराची सूट नाही. ३१ व्या कलमानुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय हत्यारासह अभयारण्यात शिरता येत नाही. वाघाच्या शिकारीचा इतिहास पाहता या कठोरपणामागचे कारण समजण्याजोगे आहे. पण परिणाम पाहा. गावच्या बाजारात घेतलेला चार बोटांचा चाकू शस्त्र कायद्यात निरुपद्रवी, मनाई आदेशाच्या दिवशी संशयास्पद आणि अभयारण्याच्या सीमेवर थेट हत्यार. पाते तेच, माणूस तोच.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या गणितात नवी बाजू आणली. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासी समाजाला मिळाला. त्यात बांबूही येतो. तेंदूचे पान हाताने खुडता येते, मोहाचे फूल वेचता येते, पण बांबू कोयत्याशिवाय तुटत नाही. हक्काच्या यादीत बांबू आहे, ज्याने तो तोडायचा त्या पात्याचा उल्लेख नाही. शिकारीला मात्र याच कायद्याने स्पष्टपणे वगळले आहे, त्यामुळे कोयता कशासाठी आणला होता, हा प्रश्न वनरक्षक विचारू शकतो आणि उत्तर देण्याचा भार कोयता धरणाऱ्यावर पडतो.

आणि टुरिया? जिथे १९३० मध्ये विळा हाती घेतलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते गाव आज पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या मुख्य प्रवेशद्वाराचे गाव आहे. नागपूर-गोंदियाकडचे पर्यटक पहाटे तिथे जिप्सींच्या रांगेत उभे असतात.