पोर्ट ब्लेअरवरील जपानी अंमल (१९४२–४५)

दुसऱ्या महायुद्धात जपानने २३ मार्च १९४२ रोजी अंदमानातील पोर्ट ब्लेअर हे ब्रिटिश वसाहतीचे बंदर घेतले आणि ऑक्टोबर १९४५ पर्यंत ताब्यात ठेवले. ब्रिटिशांनी फौज आधीच काढून घेतल्यामुळे प्रतिकार झाला नाही. नाशिक जिल्ह्याला हे गाव ठाऊक आहे ते सेल्युलर जेलमुळे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधानंतर भगूरचे वि. दा. सावरकर १९११ मध्ये तेथे पाठवले गेले. जपानी अंमलाची पारखही याच तुरुंगावरून करता येते. हेरगिरीच्या संशयावरून पकडलेल्या नागरिकांनी त्याच्या कोठड्या पुन्हा भरल्या. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे स्थानिक अध्यक्ष डॉ. दिवाण सिंग यांचा तेथील छळामुळे १४ जानेवारी १९४४ रोजी मृत्यू झाला. म्हणजे राज्यकर्ता बदलला, पारतंत्र्य गेले नाही.

यावर आक्षेप असा, की ३० डिसेंबर १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस यांनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला आणि बेटे आझाद हिंद सरकारकडे आली. त्या ध्वजाचे मोल खरेच मोठे आहे. मात्र त्या सरकारने नेमलेले प्रशासक लोगनाथन यांच्या हाती प्रत्यक्षात शिक्षणापलीकडे फारसे काही आले नाही. पोलीस व संरक्षण जपानी नौदलाकडेच राहिले. ध्वजारोहणानंतर महिनाभरातच, ३० जानेवारी १९४४ रोजी, हम्फ्रेगंज येथे ४४ नागरिकांना गोळ्या घालण्यात आल्या. युद्धकाळची निकड सांगूनही याचे समर्थन होत नाही, कारण मारले गेलेले लोक निःशस्त्र होते. स्वातंत्र्याच्या इतिहासात तिरंग्याइतकेच स्थान या मृतांना मिळाले पाहिजे.