नवोदयच्या फॉर्ममधला ‘ग्रामीण’ शब्द

नवोदयच्या सहावीच्या प्रवेशाचे फॉर्म निघाले की ओळखीचे पालक विचारायला लागतात. प्रश्न अभ्यासाचे कमी, शब्दांचे जास्त. ‘मानसिक क्षमता’ म्हणजे काय? आपलं पोरगं ‘ग्रामीण’मध्ये धरतात का? या शब्दांमागचा इतिहास कळला की फॉर्मही कळतो.

पी. व्ही. नरसिंह राव मुख्यमंत्री असताना १९७१ साली आंध्रात सर्वेल गावी गरीब हुशार मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू झाली. पुढे ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले आणि १९८६ च्या शैक्षणिक धोरणात अशा शाळांना जागा मिळाली. प्रयोगाच्या पहिल्या दोन शाळा हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. म्हणजे या कथेत महाराष्ट्र पहिल्या दिवसापासून आहे.

मुलं निवडायची कशी? नुसते भाषा-गणिताचे मार्क बघितले तर शहरातली शिकवणीवाली पोरं पुढे जाणार. म्हणून १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमतेला दिले. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, असले ४० प्रश्न. आकृतीला भाषा लागत नाही. या चाचण्यांचा मूळपुरुष आल्फ्रेड बिने. १९०५ मध्ये पॅरिसला त्याने अशी चाचणी केली ती वर्गात मागे पडणारी मुलं शोधून त्यांना मदत करता यावी म्हणून! मागच्यांना हात देण्यासाठी निघालेलं हत्यार पुढे इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटायला वापरलं गेलं, आणि निवडीच्या परीक्षांत कायमचं बसलं. आता तर आकृत्यांचेही क्लास निघालेत. त्यामुळे ‘क्षमता’ किती आणि सराव किती, देव जाणे.

पण माझ्या मते फॉर्ममधला सगळ्यात वजनदार शब्द ‘ग्रामीण’. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. इथेच लोक फसतात. घर गावात, सातबारा गावात, म्हणून मूल ग्रामीण होत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं तरी मूल ‘शहरी’ ठरतं. चांगल्या इंग्रजी शाळेसाठी म्हणून चौथीत तालुक्याच्या नगरपरिषद हद्दीत नाव घातलं आणि हक्काच्या जागा गेल्या, अशी उदाहरणं मी पाहिलीत. कडक आहे नियम, पण मला तो पटतो. नाहीतर नुसत्या पत्त्याच्या दाखल्यावर शहरातलं कुणीही ग्रामीण झालं असतं.

तेव्हा दुसरीतून तिसरीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी शाळा बदलण्याआधी ती कुठल्या हद्दीत आहे ते बघा. आणि सहावीची ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही, हेही फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं.