रस्ता कोणाचा?

हॉलंड म्हटले की सायकलींचा देश डोळ्यांपुढे येतो. पण तिथल्या सुरक्षित वाटा काही आभाळातून पडल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, त्यांच्यासाठी रस्ते रुंद झाले आणि सायकलवाला कडेला ढकलला गेला. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहानगी लेक त्याच साली गेली. १९७२ मध्ये त्याने लेख लिहिला. मथळा होता, ‘बालहत्या थांबवा’. तीच हाक घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलटंचाई आली. रविवारी मोटारी बंद राहिल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांनी पाहिले. पुढे सरकारच्या मदतीने हेग व टिलबुर्ग येथे वेगळे सायकलमार्ग बांधले गेले. सूत्र साधेच: मोटारी जिथे वेगाने धावतात तिथे सायकलीची वाट निराळी; जिथे वाट एकच, तिथे मोटारीने हळू जायचे. आज विजेच्या स्कूटरींनाही हाच हिशेब लागू आहे.

गुरुजी, उद्या शाळा सुटताना फाटकाशी क्षणभर उभे राहा. आपली मुले कुठून चालतात, ते पाहा. मग ग्रामसभेत विचारा.