व्यापारी श्रेणी म्हणजे काय? बाजारातल्या संघटनेची जुनी गोष्ट

आखाडा बाळापूरच्या बाजारात हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला अडत्या, हमाल, मापाडी, खरेदीदार अशी सगळी साखळी तोंडपाठ असते. एकाच धंद्यातल्या लोकांनी एकत्र येऊन नियम ठरवायचे, ही पद्धत मात्र बाजार समितीच्या कायद्याहून (१९६३) फार जुनी आहे. पूर्वी अशा संघटनेला ‘श्रेणी’ म्हणत. तिचा प्रमुख तो श्रेष्ठी. आपला ‘शेठ’ हा शब्द त्यातूनच आला.

श्रेणी आणि बलुतेदारी यांत गल्लत नको. बलुतेदार गावाचं काम करून सुगीला धान्य घ्यायचा. श्रेणी बाजारपेठेत उभी असायची, स्वतःच्या नावावर व्यवहार करायची.

तिचं सर्वात महत्त्वाचं काम म्हणजे ठेवी सांभाळणं. याचा पक्का पुरावा नाशिकच्या पांडवलेणीत, १० क्रमांकाच्या लेण्यात कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. एकीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट होती.

आता हिशेब बघा. २००० वर वर्षाचं व्याज २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण, म्हणजे बरोबर २४०! १९०० वर्षांनीही ताळा जुळतो.

हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर वाचून नोंदवला गेला. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हवाली करतो, ही गोष्ट साधी नाही. राजा बदलेल, पण माग चालू राहतील, हा त्यामागचा विचार असावा.

नाशिकच्याच दुसऱ्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार आणि तेल्यांच्या श्रेणींकडे ठेवलेली रक्कम आहे. जुन्नरला बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी दिसतात, तर धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तिथे लेणंच खोदून दिलं.

पुढे मराठेशाहीत पेठांचा कारभार शेटे-महाजन बघू लागले. आज ठेवी पतसंस्थेत, सौदा बाजार समितीत आणि हमाल-मापाड्यांची मजुरी माथाडी कायद्याखाली (१९६९), अशी श्रेणीची कामं वाटली गेली आहेत. पतसंस्थेत ज्यांची ठेव अडकली, त्यांनी ती नोंद चारचौघांत कधी वाचून दाखवली होती का, हे एकदा विचारून बघावं.